वारा आडवा, जमीन तिरकी आणि माझा बाण भलतीकडेच

माळावरचा_नेमबाज | १७ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. तीन वर्षांपासून हौस म्हणून कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं) चालवतोय. वय एक्केचाळीस, त्यामुळे पदकाबिदकाची स्वप्नं नाहीत. तुळजापूर रोडला उळ्याच्या अलीकडे मित्राचं मुरमाड पडीक रान आहे. तिथं आम्ही दोन बट्रेस (बाण अडवायचे निशाणाचे ठोकळे) उभे केलेत. टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या पोत्यांत ठासून भरल्या की बाण झकास थांबतो, हा सोलापूरचा स्वदेशी शोध. उन्हामुळे तोंड उत्तरेकडे ठेवलंय.

फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी चाळीस मीटरवरून सहाच्या सहा बाण पालथ्या वाटीखाली झाकले जातील असे बसायचे. जून लागला आणि वारा सुटला. आता वाटी सोडा, परातही पुरत नाही.

त्यात गेल्या रविवारी उतारावर मारून बघायची खाज सुटली. सोलापुरात चढउतार कुठला! म्हणून बार्शीच्या पुढं बालाघाटाकडं गेलो. उतारावरून खाली, साधारण तीस मीटर, कोन वीसेक अंश. पाचही बाण वीतभर वर आणि वीतभर डावीकडे. पाचही एकाच जागी, म्हणजे हात हलला असंही म्हणता येईना.

प्रश्न तीन. वाऱ्यासाठी नेम मधापासून किती बाजूला सोडून धरायचा? उताराला किती वजा करायचं? आणि सोलापूरच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत सरावाला चढ कुठं मिळेल?

हे सगळं कशासाठी तर मेव्हणा कोलोरॅडोत असतो. तिथं रीतसर परवाना काढून तो धनुष्यानं एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातो. सप्टेंबरात आम्ही चाललोय. शिकारीत मी फक्त बघ्या. पण त्याच्या क्लबात डोंगरउतारावर झाडीत रबरी हरणं, रबरी अस्वलं मांडलेली असतात, तिथं मला मारायचंय. मेव्हण्यासमोर हसं होऊ नये, एवढीच माफक इच्छा.

गड्ड्याची_जिलबी | १७ जून, रात्री ९:२०

काय बे मालक, सोलापुरात चढ हुडकलालाय? पुलावर चढा की. तेवढाच हिमालय आहे आपल्याकडं.

गड्ड्याची_जिलबी | १७ जून, रात्री ९:२१

आणि रबरी अस्वलाला मारायला सातासमुद्रापार? इथं बायकोच्या भावाला... जाऊ दे. शेंगाचटणी-भाकरी घेऊन बसलोय, चालू द्या.

होटगीकर | १७ जून, रात्री १०:०५

पूर्वी रिकर्व्ह (ऑलिंपिकचं, चाकं नसलेलं धनुष्य) खेळायचो, आता संध्याकाळी दहा-बारा पोरांना शिकवतो. बहुतेक पोरं इंडियन राउंडवाली, बांबूच्या धनुष्याची. वाऱ्याबद्दल चार गोष्टी सांगतो, उताराचं दुसरं कुणी सांगेल.

पहिली गोष्ट, वारा बाणाला ढकलतो त्याआधी तुम्हाला ढकलतो. कंपाउंडचा कॅम (टोकाचं चाक), लांब स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारा दांडा), तुमचा ढगळ शर्ट, टोपी, सगळी शिडंच. पोरांना मी आधी शर्ट खोचायला लावतो, मग बाकीचं. पाय नेहमीपेक्षा चार बोटं जास्त फाकवा. स्टॅबिलायझर थोडा आखूड करून बघा.

दुसरी, बाण. जाड ॲल्युमिनियमचा बाण आणि त्याला मोठी पिसं असतील तर वाऱ्यात पतंगच. बारीक, जड बाण आणि लहान व्हेन (प्लास्टिकचं पीस) कमी वाहतो. म्हणूनच ऑलिंपिकच्या ७० मीटरला मोठे खेळाडू पेन्सिलीपेक्षा बारीक बाण आणि पुढं टंगस्टनची जड टोकं लावतात. पण उगाच खर्च करू नका, आधी तुमचा आहे तो बाण ओळखा.

तिसरी, आणि हीच खरी. थांबायचं. आपल्याकडचा वारा सलग नसतो, झोत येतो, मग दम घेतो. त्या दमात सोडायचा. दोन झोतांच्या मधला वारा बऱ्याचदा एकसारखा असतो, त्या वाऱ्यावर साईट (धनुष्यावरचा नेम धरायचा काटा) लावून घ्यायची आणि प्रत्येक वेळी तोच वारा येईपर्यंत थांबायचं. स्पर्धेत बाणांना मोजून सेकंद मिळतात, समोरासमोरच्या लढतीत एका बाणाला २० सेकंद. तिथं थांबायलाही कंजुषी करावी लागते. तुम्हाला कोण घड्याळ लावतंय? ओढलेलं धनुष्य बाण न सोडता उतरवायला लाजू नका. माझ्या पोरांतला जो उतरवायला शिकला तोच पुढं गेला.

कडक_भाकरी | १७ जून, रात्री १०:३१

होटगीकर सर +१. उतरवायला लाजायचं नाही हे संसारालाही लागू.

नान्नजची_माळ | १८ जून, सकाळी ७:४४

धागाकर्ते, एक खटकलं म्हणून विचारतो. बार्शीच्या पुढं बालाघाटात नक्की कुठं मारलेत बाण? तिकडचा काही भाग अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहे. बंदुकीच्या बरोबरीनं. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा, मग तुम्ही ससा मारा नाहीतर पोतं.

मी नान्नजच्या माळावर पक्षी बघायला जातो. १९७९ ला माळढोकसाठी अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक दिसणं म्हणजे लॉटरी, पण काळविटं आहेत, लांडगे आहेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, तीन ते सात वर्षं कैद. त्यामुळे ‘धनुष्यानं शिकार’ असलं काही या धाग्यात दिसलं की आमच्या अंगावर काटा येतो. रबरी अस्वलाचं सांगितलंत म्हणून गप्प बसलो.

माळावरचा_नेमबाज | १८ जून, सकाळी ९:०२

@नान्नजची_माळ, कबूल करतो. तिथं एक वनरक्षक आले होते. त्यांनी आधी बाणांची टोकं बघितली (सरावाची गोल टोकं होती), मग माझ्या चपला बघितल्या, आणि म्हणाले, “साहेब, पुढची पाटी वाचली नाही का?” पाटी मागं होती, मी पुढं होतो. म्हणजे हद्दीत दोनशे पावलं. त्यांनी नाव लिहून घेतलं, समज दिली आणि गाडीपर्यंत सोडायला आले. चूक माझीच. परत तिकडं धनुष्य नेणार नाही. म्हणूनच तिसरा प्रश्न विचारला होता, फक्त कारण लपवलं होतं.

गड्ड्याची_जिलबी | १८ जून, सकाळी ९:१०

पाटी मागं होती, मी पुढं होतो 😂 हे सोलापूर महापालिकेच्या निवडणुकीत वापरणार.

माढ्याचा_शेतकरी | १८ जून, दुपारी १:३०

रबरी अस्वल राहू द्या. आमच्याकडं रानडुकरानं मका आणि ऊस लोळवलाय. ह्या कंपाउंडनं डुक्कर पडतं का? किती लांबून? वनखात्याकडं अर्ज करून कंटाळलो.

नान्नजची_माळ | १८ जून, दुपारी २:१५

दादा, तुमचं नुकसान खरं आहे, पण परस्पर नको. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी कायद्यात परवानगीची तरतूद आहे. ती लेखी मिळायला हवी, आणि कुणी, कुठं, कशानं मारायचं हे त्या कागदावरच ठरतं. नुकसानभरपाईचा अर्ज आणि पंचनामा वेगळा, तो आधी करा. फोटो काढताना ठशाशेजारी काहीतरी ठेवा, आगपेटी ठेवली तरी चालते.

रॉकीजमधला_पंढरपूरकर | १८ जून, रात्री ८:५०

मी इकडं आठ-नऊ वर्षं धनुष्यानं शिकार करतोय, सगळं परवान्यानं. माढ्याच्या दादांना उत्तर: डुक्कर पडतं, पण नुसतं बाण लागून पडत नाही, नेमका फुप्फुसात लागून पडतं. बाण गोळीसारखा धक्का देत नाही, कापतो. चार बोटं इकडंतिकडं गेलं की जखमी जनावर रात्रभर उसात, आणि जखमी डुकराच्या मागं उसात शिरायचं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणूनच इकडचे जुने शिकारी पहिल्या दिवशी विचारतात, “तुझं अंतर किती?” म्हणजे बाण किती लांब जातो हे नाही. थंडीत, दमलेला, उभा उतार, वारा, अशा वेळी ज्या अंतरावरून दहापैकी दहा बाण ताटलीत बसतात तेवढंच तुझं अंतर. बहुतेकांचं ते पंचवीस-तीस मीटरच्या आत येतं. सपाट मैदानावर साठ मीटरला फुगे फोडणाऱ्याचंही. वारा असेल तर मी माझं अंतर निम्मं करतो. काहीही गणित न करता निम्मं.

शिकारीच्या टोकाबद्दल एक गोष्ट. सरावाचं टोक गोल, शिकारीचं पात्यांचं. ती पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाला लावलेले पंखच. मागची पिसं बाणाला सरळ करतात, पुढची पाती त्याला वळवू बघतात, आणि आडवा वारा पात्यांना हात देतो. गोल टोकानं लावलेली साईट पात्यांना चालेलच असं नाही. ज्या टोकानं मारणार त्याच टोकानं मारून बघायचं.

माळावरचा_नेमबाज, कोलोरॅडोत येताय तर आणखी एक. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, इथं तुम्ही अडीच-तीन हजार मीटरवर असाल. हवा विरळ, बाणाला अडवणूक कमी, साईट थोडी बदलते. दमही लागतो. पहिले दोन दिवस धनुष्य ओढूच नका, नुसतं चालून या.

भौतिकवाली | १८ जून, रात्री १०:४०

मला धनुष्यातलं काही कळत नाही, पण कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि हा धागा बघून हात शिवशिवले.

उताराचं गणित सोपं आहे. तिरक्या रेषेतलं अंतर मोजा आणि कोनाच्या कोसाइननं गुणा. येईल त्या आडव्या अंतराची साईट लावा. वर मारा नाहीतर खाली मारा, दोन्हीकडे कमीच लावायचं. बाणाला त्याच्या वाटेवरून खाली ओढणारा गुरुत्वाकर्षणाचा भाग उतारावर कमी होतो, म्हणून बाण वर लागतो. लोकांना वाटतं चढाला जास्त, उताराला कमी. तसं नाही.

आता तुमचा हिशोब. ३० मीटर, २० अंश. कोसाइन ०.९४, म्हणजे साधारण २८ मीटरची साईट हवी होती. तुमच्या बाणाचा वेग सेकंदाला ७५ मीटर धरला (नसेल तर सांगा), तर ३० मीटरला बाण सुमारे ८० सेंटिमीटर खाली येतो. त्याचे सहा टक्के म्हणजे पाच सेंटिमीटर. उतारामुळे तुमचा बाण पाच सेंटिमीटर वर लागायला हवा होता. तुम्ही म्हणता वीतभर. वीत म्हणजे वीस-बावीस सेंटिमीटर. राहिलेल्या पंधराचा दोष गुरुत्वाकर्षणावर टाकू नका, त्याला आधीच खूप कामं आहेत.

दुसरा प्रश्न. तोंड कुठल्या दिशेला होतं आणि वारा कुठून होता?

माळावरचा_नेमबाज | १८ जून, रात्री ११:०३

वेग बरोबर धरलात ताई, साधारण तेवढाच. तोंड उत्तरेलाच होतं. वारा पश्चिमेचा, जूनमध्ये असतो तसाच.

भौतिकवाली | १८ जून, रात्री ११:०९

उत्तरेकडे तोंड म्हणजे पश्चिम तुमच्या डाव्या हाताला. वारा डावीकडून उजवीकडे. मग बाण उजवीकडे जायला हवा. तुमचा डावीकडे गेला.

कडक_भाकरी | १८ जून, रात्री ११:११

😮

गड्ड्याची_जिलबी | १८ जून, रात्री ११:१२

ताईनी केस फोडली. आरोपी वारा निर्दोष सुटला.

माळावरचा_नेमबाज | १८ जून, रात्री ११:४०

आता झोप येईना. खरं सांगतो, मी वाऱ्यासाठी डावीकडे सोडून धरला होता. किती? आठ बोटं असतील. वर उभा होतो तिथं गवत पार आडवं होत होतं.

होटगीकर | १९ जून, सकाळी ६:१५

आणि खाली बट्रेसपाशी गवत हलत होतं का?

माळावरचा_नेमबाज | १९ जून, सकाळी ६:५०

बघितलंच नाही.

होटगीकर | १९ जून, सकाळी ७:०५

झालं. तुम्ही उंचवट्यावर वाऱ्यात आणि निशाण खाली खळग्यात, आडोशाला. तोंडावर लागतो तोच वारा बाणाच्या सगळ्या वाटेवर असतो असं धरून चाललात. मैदानात बट्रेसच्या डोक्यावर छोटा झेंडा उगाच लावत नाहीत. आपला झेंडा, मधलं गवत, समोरचा झेंडा, तिन्ही बघायचे. तुमच्याकडं चिंध्यांची पोती आहेत ना? त्यातलीच एक चिंधी काठीला बांधा. फुकटचा झेंडा.

आणि आठ बोटं फार झाली. तीस मीटरला इतकं सोडायला वारा घोंघावावा लागतो. वाहून जाणं अंतराच्या वर्गात वाढतं, दुप्पट अंतराला जवळपास चौपट. पन्नास मीटरला जो वारा तुमचा बाण अर्धी-पाऊण वीत नेतो, तोच पंचवीसला दोन बोटं नेईल. लोक पन्नासचा सोडून धरण्याचा अंदाज पंचवीसला वापरतात आणि स्वतःच चुकवतात.

भौतिकवाली | १९ जून, सकाळी ८:२०

होटगीकर सर, वर्गाचं बरोबर आहे. त्यात एक गंमत: बाण किती वाहणार हे तो हवेत किती वेळ होता यावर नाही, हवेच्या अडवणुकीमुळे त्याला किती जास्तीचा वेळ लागला यावर ठरतं. पिसांमुळे बाण वाऱ्याकडे नाक करतो, छपरावरच्या वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्यासारखा, आणि मग अडवणूक त्याला तिरकी मागं खेचते. म्हणून जड, बारीक बाण कमी वाहतो. हलका बाण सुरुवातीला वेगात असला तरी वेग लवकर गमावतो. समोरून वारा आला तर बाण थोडा खाली लागतो, मागून आला तर वर, पण ते आडव्या वाऱ्याइतकं छळत नाही.

बारा_भानगडी | १९ जून, सकाळी ११:००

अवांतर. आपल्याकडं पारधी लोक पिढ्यान्पिढ्या तिरंदाज होते, त्यांच्याकडून शिकावं हे. पुस्तकी गणित कशाला.

नान्नजची_माळ | १९ जून, सकाळी ११:४५

अवांतरच, पण दुरुस्ती करतो. आपल्याकडचे फासेपारधी फासे लावून पकडायचे, नावातच आहे. फासाची दोरी, वाट ओळखणं, पक्ष्याचा आवाज काढणं ही त्यांची विद्या. धनुष्य म्हटलं की सातपुड्यातले भिल्ल. सगळ्या रानातल्या माणसांना एकाच भात्यात कोंबू नये. आणि ज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं, ज्यांच्या वस्तीला सोलापुरात आजही सेटलमेंट म्हणतात, त्यांच्याकडं ‘जाऊन शिकावं’ म्हणण्याआधी जरा त्यांच्याशी बोलावंही.

बारा_भानगडी | १९ जून, दुपारी १२:१०

बरोबर. माघार घेतो.

सातारची_लेक | १९ जून, दुपारी ३:३०

२०२३ च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडमध्ये आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेती झाली, सतरा वर्षांची, अंतिम फेरीत १५० पैकी १४९. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५०. टोकियोला गेलेला प्रवीण जाधव पण आमच्याच जिल्ह्यातला. सोलापूरकर कुठं आहेत? की चादरीच विणणार?

होटगीकर | १९ जून, सायंकाळी ६:४०

ताई, टोमणा मान्य. पोरं आहेत, मैदान नाही. एका मैदानावर आम्हाला वेळ दिला होता, तिथं क्रिकेटची शिबिरं सुरू झाली आणि आम्हाला म्हणाले बाण धोकादायक. सीझनचा चेंडू लागून दोन पोरांचे दात गेले त्याच महिन्यात, ते धोकादायक नाही. असो. आता एकाच्या शेतात शिकवतो, पेरणी झाली की बांधावर उभं राहून.

माळावरचा_नेमबाज | १९ जून, रात्री ९:१५

आठ बोटांचा उलगडा झाला. बारा अंगुळांची वीत, म्हणजे चार उरली. शिवाय ते वरचे पंधरा सेंटिमीटर.

रॉकीजमधला_पंढरपूरकर | १९ जून, रात्री १०:२०

डावीकडच्या चार बोटांसाठी: पायाखालची जमीन नुसती पुढं उतरती होती की आडवीही कललेली? आडव्या उतारावर उभं राहिलं की डोळा फसतो. धनुष्य सरळ धरलंय असं वाटतं आणि ते उताराबरोबर कललेलं असतं. साईटवरच्या पाणसळीच्या बुडबुड्याकडं बघितलंत का? रिकर्व्हवाल्यांना स्पर्धेत बुडबुडा लावता येत नाही, आपल्याला लावता येतो, तर वापरा. धनुष्य डावीकडे कललं की बाण डावीकडे.

आणि बुडबुडाही खोटं बोलतो. सपाटीवर बरोबर, खाली झुकवलं की चुकतो, कारण साईटचा तो भाग पुढंमागं किंचित फिरलेला असतो. तपासायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. दोन मजली घराच्या गॅलरीतून खाली, अंगणात टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीवर साईट धरा. बाण लावू नका. धनुष्य दोरीशी समांतर आणि बुडबुडा मधोमध असेल तर साईट खरी. नसेल तर साईटचा तिसरा अक्ष (तो पुढंमागं फिरणारा भाग) सैल करून बसवा.

वरच्या पंधरासाठी: कमरेतून वाकलात की नुसता हात खाली केलात?

माळावरचा_नेमबाज | १९ जून, रात्री १०:३२

हातच केला असणार. वाकल्याचं आठवत नाही.

होटगीकर | १९ जून, रात्री १०:५०

मग तेच. हात खाली गेला की खांद्यांची आणि बाणाची ओळ मोडते, अँकर (दोरी ओढून हात टेकवायची जागा) हनुवटीवरून सरकतो, पीपमधून (दोरीतल्या बघायच्या भोकातून) डोळा वेगळ्याच ठिकाणाहून बघतो. आधी सपाटीवर मारतो तसं समोर ओढायचं, अँकर पक्का करायचा, मग कमरेतून पूर्ण वरचं अंग एकाच तुकड्यात खाली न्यायचं. नमस्काराला वाकतो तसं. पांडुरंगापुढं हात खाली करून उभं राहतो का आपण? कंबर वाकवतो.

रॉकीजमधला_पंढरपूरकर | १९ जून, रात्री ११:०५

होटगीकर, पंढरपूरकराला पांडुरंगाचं सांगताय 🙏 पण उदाहरण पोरांना वापरणार.

इकडं झाडावर मचाण बांधून बसतात, पाच-सहा मीटर उंच. नवखा माणूस कोन मोजायचं महागडं यंत्र घेऊन येतो आणि वीस मीटरला चुकतो.

भौतिकवाली | १९ जून, रात्री ११:२०

सहा मीटर उंची, वीस मीटर अंतर, तर कोन साधारण सतरा अंश. फरक दीड सेंटिमीटर. म्हणजे एक बोटही नाही. त्या यंत्राच्या पैशात कंबरदुखीचं तेल घ्यावं.

गड्ड्याची_जिलबी | १९ जून, रात्री ११:२२

ताई आज फॉर्मात.

भौतिकवाली | १९ जून, रात्री ११:३०

पण चाळीस मीटर आणि तीस अंश असेल तर हसण्यावारी नेऊ नका. कोसाइन ०.८७, साईट ३५ ची लावायची. ४० चीच ठेवलीत तर तुमच्या वेगाला बाण पाऊण ते एक वीत वर जाईल. बांबूच्या धनुष्याचा वेग कमी, त्याचं अजून जास्त चुकेल. जवळ आणि कमी कोन असेल तर विसरा, लांब आणि उभा कोन असेल तर गुणाकार करा.

कडक_भाकरी | २० जून, सकाळी ८:००

चढ कुठं, हा प्रश्न राहिलाच. माझ्या चुलत्यांची मुरमाची जुनी खाण आहे, बंद पडलेली, मोहोळच्या बाजूला. खासगी मालकी, आजूबाजूला वस्ती नाही, चौथ्या बाजूला मुरमाची भिंत. बाण चुकला तरी मुरमात. व्यनि करा. एक अट, चुलते बघायला येतील आणि बाण ओढायला मागतील.

माळावरचा_नेमबाज | २० जून, सकाळी ८:०४

व्यनि केलाय! चुलत्यांना माझ्याकडून चहा.

रॉकीजमधला_पंढरपूरकर | २० जून, सकाळी ८:३०

खाणीत वाऱ्याचा एक धडा फुकट मिळेल. सकाळी ऊन चढलं की उतारावरची हवा वर सरकते, संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. इकडं शिकारी छोट्या बाटलीतून पावडर उडवून बघतात, मुख्यतः आपला वास जनावराकडं जातोय का ते कळायला. तुम्ही उदबत्ती लावा, सोपं पडतं.

माळावरचा_नेमबाज | १२ जुलै, रात्री ९:४५

धागा वर काढतोय, माफी असावी. खाणीत तीन रविवार काढले, त्याचा हिशोब देणं लागतो.

पहिल्या रविवारी ओळंबा. घरी गॅलरीतून केला. बुडबुडा खाली झुकवल्यावर अर्धा रेषेबाहेर. दुकानदारानं “सगळं सेट करून दिलंय” म्हणून पैसे घेतले होते. अॅलन की फिरवली, बसला. बायकोनं खालून विचारलं, “अंगणातल्या दोरीला मारणार आहात का?” बाण लावलेला नव्हता हे सिद्ध करायला खाली जावं लागलं.

मग खाणीत, वरून खाली, तीस मीटर, कोन बावीस अंश (मोबाईलवर मोजला). आधी मुद्दाम जुन्या सवयीनं, हात खाली करून पाच बाण. वर गेले, वीतभर नाही, पण चार-पाच बोटं, आणि पसरले. मग कमरेतून वाकून, साईट २८ वर, बुडबुडा मधे. पाचपैकी चार वाटीत. पाचवा चुलत्यांनी “आता मी मारतो” म्हटल्यामुळे गेला.

दुसऱ्या रविवारी वारा. वर उभं राहिलं की टोपी उडत होती, खाली चिंधीचा झेंडा लोंबत पडलेला. होटगीकर सर, तुमची आठवण काढली. शून्य सोडून धरला, मधोमध. नंतर मी खाली आणि निशाण वर, तर उलटं, माझ्याकडं काही नाही आणि वर चिंधी फडफडतेय. तिथं दोन बोटं डावीकडे धरला तर बरोबर बसला. पन्नासवरून मात्र काही जमलं नाही. तीनदा उतरवलं, चौथ्यांदा सोडला, तो बट्रेसच्या पोत्याला शिवून गेला. माझं अंतर, रॉकीजभाऊंच्या व्याख्येनं, वारा असताना पंचवीस मीटर. सांगायला जरा कमी वाटतं, पण आहे ते आहे.

तिसऱ्या रविवारी पाऊस आला. चुलत्यांनी कांदाभजी केली.

होटगीकर | १२ जुलै, रात्री १०:१०

पंचवीस कमी नाही. तीनदा उतरवलंत हे वाचून बरं वाटलं. चौथ्यांदाही उतरवायचं होतं.

भौतिकवाली | १२ जुलै, रात्री १०:३०

हात खाली करून चार-पाच बोटं, कारण या वेळी तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही अर्धवट वाकलात. प्रयोगात प्रयोगकर्ता ढवळाढवळ करतो, त्यातला हा प्रकार. तरी अंतर आणि कोन दोन्ही लिहून ठेवलेत, माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरे.

माढ्याचा_शेतकरी | १३ जुलै, सकाळी ७:२०

पंचनामा झाला. आगपेटी ठेवून फोटो काढले होते, साहेब म्हणाले फोटो चांगले आहेत. पैसे कधी ते बोलले नाहीत.

गड्ड्याची_जिलबी | १३ जुलै, सकाळी ७:३०

तो पोत्याला शिवून गेलेला बाण सापडला का मालक?

माळावरचा_नेमबाज | १३ जुलै, सकाळी ७:४१

सापडला. शेजारच्या तुरीत, पाच-सहा ओळी आत. शेतकऱ्यानं उपटून बांधावर उभा रोवून ठेवला होता, वर लाल चिंधी बांधून. पाखरं हाकलायला.